स्पॅनिशमधलं 'आब्लारा' आणि 'कोमिएरा': मराठी विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पॅनिश शिकताना सबजंक्टिव्हचा (इच्छा, शंका, भावना यांच्या मागे येणाऱ्या क्रियापदाच्या वेगळ्या रूपाचा) वर्तमानकाळ कसाबसा पचतो, आणि तेवढ्यात इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, म्हणजे त्याचा भूतकाळ, समोर येतो. स्पॅनिशमध्ये त्याचं नाव 'प्रेतेरितो इम्पेर्फेक्तो दे सुब्खुन्तिबो'. मराठी मुलांना आणि मोठ्यांना हा भाग शिकवताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. भर नियमित क्रियापदांवर आहे. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. म्हणून 'बिबिर' (राहणे) मध्ये दोन्ही 'ब' दिसतील, कारण स्पॅनिशमध्ये 'व्ही' या अक्षराचा उच्चार 'ब' असाच होतो. 'आब्लार' (बोलणे) लिहिताना सुरुवातीला 'एच' असतो, पण तो मुका आहे.

हे रूप तयार कसं करायचं?

भूतकाळातलं 'ते लोक' चं रूप घ्या. आब्लारोन म्हणजे ते बोलले, कोमिएरोन म्हणजे ते जेवले, बिबिएरोन म्हणजे ते राहिले. शेवटचं 'रोन' काढा आणि त्या जागी हे प्रत्यय लावा: रा, रास, रा, रामोस, राइस, रान.

आब्लार: आब्लारा, आब्लारास, आब्लारा, आब्लारामोस, आब्लाराइस, आब्लारान.
कोमेर: कोमिएरा, कोमिएरास, कोमिएरा, कोमिएरामोस, कोमिएराइस, कोमिएरान.
बिबिर: बिबिएरा, बिबिएरास, बिबिएरा, बिबिएरामोस, बिबिएराइस, बिबिएरान.

'एर' आणि 'इर' गटांची (म्हणजे मूळ रूप 'एर' किंवा 'इर' ने संपणाऱ्या क्रियापदांची) रूपं सारखीच होतात, त्यामुळे पाठ करायला प्रत्यक्षात दोनच साचे आहेत. मूळ क्रियापदावरून थेट रूप बनवायला मात्र जाऊ नका. तसं केलं की 'कोमेरा' सारखं अस्तित्वातच नसलेलं रूप तोंडातून निघतं. वाट नेहमी 'कोमिएरोन' वरूनच जाते.

वर्तमानकाळात वाकडी होणारी क्रियापदं इथेही वाकडी होतात का?

बहुतेक होत नाहीत, आणि ही या काळातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. पेन्सार (विचार करणे) चं वर्तमानकाळात 'पिएन्सो' होतं, बोल्बेर (परतणे) चं 'बुएल्बो', कोनोसेर (ओळखणे) चं 'कोनोस्को', सालिर (बाहेर पडणे) चं 'साल्गो'. पण भूतकाळातलं 'ते' चं रूप बघा: पेन्सारोन, बोल्बिएरोन, कोनोसिएरोन, सालिएरोन. सगळी सरळ. म्हणून पेन्सारा, बोल्बिएरा, कोनोसिएरा, सालिएरा हीही सरळ. 'आर' आणि 'एर' गटांत ज्यांचा वर्तमानकाळात फक्त स्वर फुटतो, ती जवळजवळ सगळी इथे नियमित वागतात. अपवाद केरेर (हवं असणे) आणि पोदेर (शकणे) यांचा: किसिएरा, पुदिएरा.

'इर' गटातली स्वर बदलणारी क्रियापदं तेवढी सांभाळा. पेदिर (मागणे) चं पिदिएरोन होतं, म्हणून पिदिएरा. दोर्मिर (झोपणे) चं दुर्मिएरोन, म्हणून दुर्मिएरा. नियम तोच राहतो. 'ते' चं रूपच बदललेलं असतं, एवढंच. लेएर (वाचणे) चं लेयेरोन, म्हणून लेयेरा.

हे वापरायचं कधी? मराठीत विचार करून ओळखता येईल का?

येईल, पण एका मर्यादेपर्यंत. ती मर्यादा कुठे येते हे कळलं की निम्मं काम झालं.

आपल्या व्याकरणात विध्यर्थ शाळेतच शिकवतात: 'तू अभ्यास करावास', 'त्याने यावं'. वर्तमानातला स्पॅनिश सबजंक्टिव्ह आपल्याला इंग्रजीतून शिकणाऱ्यांपेक्षा लवकर जवळचा वाटतो तो यामुळेच. इच्छा, विनंती, गरज हे भाव दाखवायला क्रियापद वेगळं रूप घेतं, ही कल्पना आपल्या अंगवळणी पडलेली असते.

आता ही दोन वाक्यं बघा.

आईला वाटतं, मी अभ्यास करावा.
आईला वाटत होतं, मी अभ्यास करावा.

पहिलं क्रियापद 'वाटतं' वरून 'वाटत होतं' झालं, आणि 'करावा' जसंच्या तसं राहिलं. मराठीच्या '-आवा, -आवी, -आवं' ला काळ नसतो. स्पॅनिशमध्ये मात्र दुसरं क्रियापदही मागच्या काळात सरकतं:

मि माद्रे किएरे के एस्तुदिए. (आईला वाटतं, मी अभ्यास करावा.)
मि माद्रे केरीआ के एस्तुदिआरा. (आईला वाटत होतं, मी अभ्यास करावा.)

मराठी विद्यार्थ्यांची या काळातली बहुतेक चुकणारी वाक्यं 'केरीआ के एस्तुदिए' या साच्याची असतात. सबजंक्टिव्ह हवा हे त्यांना बरोबर कळलेलं असतं, पण तो भूतकाळात न्यायचं राहून जातं, कारण मराठी तशी आठवण करून देत नाही. माझ्या स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या वह्या अशाच वाक्यांनी भरल्या होत्या. म्हणून मुख्य क्रियापद भूतकाळात लिहिलं की पेन थांबवायचं, पुढच्या 'के' (की) कडे बघायचं आणि 'रा' लावायचा, ही सवय हाताला लावून घ्या.

'सांगितलं' या एका शब्दाने इतका घोळ का होतो?

कारण आपण 'सांगणे' दोन कामांना वापरतो, आणि स्पॅनिशमधलं 'देसिर' ही तसंच आहे. आईने सांगितलं की ती पाव विकत घेते, ही झाली माहिती. आईने पाव विकत घ्यायला सांगितला, हा झाला हुकूम. स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे 'दिखो के' च येतं. फरक पडतो तो पुढच्या रूपामुळे.

मि माद्रे दिखो के कोम्प्राबा पान. (आई म्हणाली की ती पाव विकत घेते.)
मि माद्रे मे दिखो के कोम्प्रारा पान. (आईने मला पाव विकत घ्यायला सांगितलं.)

मराठीत '-आयला सांगितलं' किंवा '-ऊ नको म्हणाली' अशी रचना मनात आली की स्पॅनिशमध्ये 'रा' वालं रूप येणार हे पक्कं समजा. बोलताना आपण बरेचदा थेट आज्ञाच उद्धृत करतो: 'आई म्हणाली, पाव आण.' तेही याच खात्यात जमा. पेदिर (विनंती करणे), रेकोमेन्दार (सुचवणे), प्रोइबिर (मनाई करणे) यांच्या भूतकाळापुढेही हेच. एल मेदिको ले रेकोमेन्दो के नो बेबिएरा: डॉक्टरांनी त्याला दारू न पिण्याचा सल्ला दिला.

'मला बोलायचं होतं' यात हे रूप का येत नाही?

कारण इच्छा करणारा आणि बोलणारा एकच आहे. तेव्हा स्पॅनिशमध्ये मूळ क्रियापदच ठेवतात: केरीआ आब्लार. माणसं दोन झाली तरच 'के' येतो: केरीआ के आब्लारास, म्हणजे तू बोलावंस असं मला वाटत होतं. इथे मराठी अगदी सच्ची मैत्रीण आहे. मनात '-आयचं होतं' आलं तर मूळ क्रियापद, '-आवंस' आलं तर 'रा'.

मग मराठीची चाचणी कुठे फसते?

तीन ठिकाणी. ही तिन्ही ठिकाणं पाठच करावी लागतात.

पहिलं, भावना. 'तू वेळेवर आलास याचा मला आनंद झाला.' मराठीत 'आलास' हा साधा भूतकाळ आहे, कारण तू खरोखरच आलास. स्पॅनिश मात्र म्हणतं, मे आलेग्रो के येगारास आ तिएम्पो. घटना खरी असली तरी आनंद, दुःख, आश्चर्य, भीती यांच्या मागे आली की सबजंक्टिव्हच येतो. 'सबजंक्टिव्ह म्हणजे न घडलेलं' असं कुणी शिकवलं असेल तर ते विसरा. त्या व्याख्येनं इथे दगा बसतो.

दुसरं, अविश्वास आणि शंका. 'तो तिथे राहतो असं मला वाटत नव्हतं.' स्पॅनिशमध्ये, नो क्रेईआ के बिबिएरा आयी. 'नो' काढला की रूपही बदलतं: क्रेईआ के बिबीआ आयी, तो तिथे राहतो असं मला वाटत होतं. नकाराच्या एका शब्दाने पुढचं सगळं हलतं.

तिसरं, 'जणू काही'. आपण म्हणतो, 'इथंच राहत असल्यासारखा बोलतो' किंवा 'जणू काही इथंच राहतो.' स्पॅनिशमध्ये कोमो सि (जणू) पुढे वर्तमान सबजंक्टिव्ह कधीच येत नाही: आब्ला कोमो सि बिबिएरा आकी. मुख्य क्रियापद वर्तमानात असलं तरी 'कोमो सि' पुढे 'रा' च येतो.

'जर-तर' च्या वाक्यांत काय करायचं?

मराठीत एक सोय आहे जी स्पॅनिशमध्ये नाही. 'मी माद्रिदला राहत असते, तर रोज स्पॅनिश बोलले असते.' दोन्हीकडे 'असते'. स्पॅनिशमध्ये दोन बाजूंना दोन वेगळी रूपं लागतात:

सि बिबिएरा एन माद्रिद, आब्लारीआ एस्पान्योल तोदोस लोस दिआस.

'सि' (जर) च्या बाजूला 'रा', आणि 'तर' च्या बाजूला 'रीआ', म्हणजे कंडिशनल. 'असते' दोन्हीकडे सारखं दिसतं म्हणून विद्यार्थी 'सि बिबिरीआ' लिहितात. प्रमाण भाषेत ते चूक आहे. उत्तर स्पेनमध्ये, बास्क प्रदेश, ला रिओखा आणि बुर्गोस या भागांत, लोक खरोखर असं बोलतात. तिथे राहून आलेल्या कुणी सांगितलं की 'मी तर हे ऐकलंय', तर त्याचं ऐकणं बरोबर आहे. परीक्षेत मात्र ते लिहू नये.

गोष्ट होऊन गेलेली असेल, 'राहिले असते तर' असं मनात येत असेल, तर सि उबिएरा बिबिदो अशी वेगळी रचना लागते. मराठीत 'राहत असते तर' आणि 'राहिले असते तर' हा फरक जर च्या बाजूलाच दिसतो. तिथेच कान द्या.

प्रत्येक 'सि' पुढे भूतकाळात 'रा' लावायचा का?

मुळीच नाही. लहानपणीच्या सवयी सांगताना, 'पाऊस आला की आम्ही बाहेर पडायचो नाही' यासाठी साधा इम्परफेक्ट (सवयीचा भूतकाळ, सबजंक्टिव्ह नव्हे) वापरतात: सि योबीआ, नो सालीआमोस. हे खरोखर घडत असे, यात कल्पना काही नाही. 'की नाही' या अर्थाचा सि ही वेगळा: नो साबीआ सि बिबीआ आयी, तो तिथे राहतो की नाही हे मला माहीत नव्हतं.

मुख्य क्रियापद वर्तमानात असूनही हे रूप येऊ शकतं का?

येतं, आणि पुस्तकं हा वापर फार घाईत उरकतात. दोन परिस्थिती आहेत.

एक, बोलणं आजचं पण घटना कालची. नो क्रेओ के येगारान आयेर: ते काल पोचले असतील असं मला वाटत नाही. एस पोसिब्ले के पेर्दिएरा एल त्रेन: त्याची गाडी चुकली असण्याची शक्यता आहे. मराठी 'असेल', 'असण्याची शक्यता' अशी शब्दरचना करते, स्पॅनिश एका 'रा' मध्ये ते बसवतं.

दोन, मुख्य क्रियापद कंडिशनलमध्ये. मे गुस्तारीआ के आब्लारास मास देस्पासिओ: तू जरा सावकाश बोललास तर बरं होईल. हे वाक्य स्पेनला किंवा मेक्सिकोला जाणाऱ्या प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. पहिल्याच दिवशी उपयोगी पडतं. वडीलधाऱ्यांशी बोलताना 'आब्लारास' ऐवजी 'आब्लारा' म्हणा, कारण 'उस्तेद' (आपण) ला तिसऱ्या पुरुषाचं रूप लागतं.

'तो आल्यावर फोन करीन म्हणाला' हे कसं म्हणायचं?

दिखो के मे यामारीआ क्वान्दो येगारा. ज्या क्षणी त्याने हे म्हटलं, त्या क्षणी पोचणं अजून पुढे होतं. म्हणून 'क्वान्दो' (जेव्हा) पुढे 'रा'. 'आन्तेस दे के' (आधी) पुढे तर नेहमीच: आन्तेस दे के येगारा एल त्रेन, गाडी येण्याआधी.

'म्हणून' च्या वाक्यांतही मराठी मदतीला येते. 'तुला कळावं म्हणून समजावलं' यात 'कळावं' आधीपासूनच बसलेलं आहे: ते लो एक्स्प्लिके पारा के लो एन्तेन्दिएरास. हव्या असलेल्या, पण अजून न सापडलेल्या वस्तूचंही तसंच: बुस्काबा उन पिसो के नो कोस्तारा मुचो, फार भाडं नसलेला फ्लॅट शोधत होते.

'ओखाला' बरोबर कोणता सबजंक्टिव्ह?

दोन्ही चालतात, अर्थ बदलतो. ओखाला युएबा म्हणजे पाऊस पडो, आणि पडण्याची आशा आहे. ओखाला योबिएरा म्हणजे पाऊस पडता तर बरं झालं असतं, पण आभाळ कोरडं ठाक आहे. मराठीतलं 'पडो' आणि 'पडता तर' यांतलं अंतर हुबेहूब हेच आहे, आणि या एका जोडीसाठी मला आपल्या भाषेचा फार अभिमान वाटतो. 'ओखाला' हा शब्द स्पेनमधल्या अरबीतून आला आहे, 'देवाची इच्छा असेल तर' या अर्थाच्या शब्दसमूहातून.

'आब्लारा' आणि भविष्यकाळातलं 'आब्लारा' सारखंच ऐकू येतं. फरक काय?

फरक फक्त जोराचा आहे, आणि देवनागरीत टिपणं काढणाऱ्यांचा घात इथेच होतो. सबजंक्टिव्हमध्ये जोर 'ब्ला' वर असतो. भविष्यकाळात, म्हणजे 'तो बोलेल' या अर्थाने, जोर शेवटच्या 'रा' वर असतो आणि लिहिताना त्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देतात. रोमन अक्षरांतली ती रेघ म्हणजे सजावट नव्हे, तिच्यावर अर्थ ठरतो. 'आब्लारान' चंही तसंच.

मराठीत शब्दाच्या जोराने अर्थ बदलत नाही, म्हणून आपण शेवटचा 'आ' सहज लांबवतो आणि ऐकणाऱ्याला भविष्यकाळ ऐकू येतो. उपाय म्हणजे 'ब्ला' म्हणताना हलकीशी टाळी वाजवायची. वर्गात हे करायला सुरुवातीला संकोच वाटतो, पण आठवडाभरात जीभ वळते. स्पॅनिशचा एकेरी 'र' आपल्या 'र' च्या अगदी जवळचा असल्यामुळे बाकी उच्चार सोपा आहे.

सबजंक्टिव्हच्या या काळात तिरकी रेघ फक्त 'आम्ही' च्या रूपात येते: आब्लारामोस मध्ये 'ब्ला' च्या स्वरावर, कोमिएरामोस मध्ये 'मिए' मधल्या 'ए' वर. लिहिताना ती विसरली की गुण जातात.

'मी' आणि 'तो' चं रूप एकच आहे. गोंधळ होत नाही?

होऊ शकतो. तेव्हा 'यो' (मी), 'एल' (तो), 'एया' (ती) हे सर्वनाम स्पष्ट म्हणायचं. एरवी संदर्भ पुरतो.

पुस्तकात 'आब्लासे', 'कोमिएसे' अशीही रूपं दिसतात. ती काय?

त्याच काळाचा दुसरा जोड: से, सेस, से, सेमोस, सेइस, सेन. 'रोन' काढून लावायचे. अर्थ एकच. लातिन अमेरिकेत बोलण्यात 'रा' चंच राज्य आहे. स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात, तरी 'रा' जास्त. तुम्ही बोलताना 'रा' वापरा, वाचताना 'से' ओळखा. नम्र विनंतीत मात्र 'से' चालत नाही. 'मला हवं होतं' या अदबीच्या अर्थाने किसिएरा म्हणतात, किसिएसे नाही. 'देबिएरास एस्तुदिआर' (तू अभ्यास करायला हवास) मधला 'देबिएरास' ही असाच, आणि तो देबेर या नियमित क्रियापदाचा आहे.

दोन जोड आले कुठून, हे विचारणारा विद्यार्थी मला फार आवडतो. लॅटिनमध्ये 'आमाविस्सेत' हे सबजंक्टिव्हचं रूप होतं, त्याचं झालं 'आमासे'. 'आमावेरात' म्हणजे 'त्याने प्रेम केलं होतं', हा साधा दूरचा भूतकाळ होता, त्याचं झालं 'आमारा'. पुढे 'आमारा' जर-तरच्या वाक्यांत शिरला आणि हळूहळू सबजंक्टिव्हचं काम करू लागला. त्याचा जुना अर्थ पूर्ण मेला नाही. स्पॅनिश वर्तमानपत्रांत 'अध्यक्षांनी केलेलं भाषण' अशा ठिकाणी 'के प्रोनुन्सिआरा' असं रूप आजही छापून येतं. तिथे इच्छा किंवा शंका शोधत बसू नका, तो फक्त भूतकाळ आहे.

घरात पोर्तुगीज जाणणारी मंडळी आहेत. त्याचा उपयोग होईल का?

गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज राजवट होती, त्यामुळे हा प्रश्न तिथल्या घरांतून येतो. उपयोग होईल, पण एक सापळा आहे. पोर्तुगीजचा इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह 'से' च्या घराण्यातला आहे, म्हणून आजोबांची रूपं स्पॅनिशच्या 'आब्लासे' शी जुळतील. पोर्तुगीजमध्ये 'रा' चं रूपही आहे, पण तिथे त्याने लॅटिनमधला जुना अर्थच धरून ठेवला: 'बोलला होता'. पोर्तुगीजमधून 'रा' उचलून स्पॅनिशमध्ये ठेवाल तर अर्थ घसरेल.

आर्जेन्टिनात 'बोस' म्हणतात. तिथे रूप बदलतं का?

नाही. 'तू' चंच रूप: के बोस आब्लारास.

हे कोणत्या पातळीला लागतं?

भाषाज्ञानाच्या युरोपीय पातळ्यांनुसार (ए 1 ते सी 2) साधारण बी 2 ला. पण 'किसिएरा' आणि 'मे गुस्तारीआ के' ही वाक्यं त्याआधीच तोंडी यायला हरकत नाही.

सराव कसा करू?

तक्ते लिहून काढण्यापेक्षा घरातली माणसं आठवा. लहानपणी कोण काय सांगायचं, कोणाची काय अपेक्षा होती, कशाला मनाई होती. आपल्याकडे असा साठा भरपूर असतो आणि मुख्य क्रियापद आपोआप भूतकाळात येतं. दहा वाक्यं मराठीत लिहा, प्रत्येकातलं '-आवं' किंवा '-आयला' अधोरेखित करा, त्या क्रियापदाचं 'ते' चं भूतकाळी रूप मोठ्याने म्हणा, मग 'रोन' काढून 'रा' लावा. कोमिएरोन, कोमिएरामोस. एस्क्रिबिएरोन, एस्क्रिबिएरा.

माझ्या वहीतली पहिली दोन अशी होती. मि आबुएला केरीआ के कोमिएरामोस खुन्तोस: आम्ही सगळ्यांनी एकत्र जेवावं असं आजीला वाटायचं. मि पाद्रे मे पेदीआ के ले एस्क्रिबिएरा: बाबा मला पत्र लिहायला सांगायचे.